नावाची नोंद : समाजमाध्यमावरील युजरनेम आणि आपण

या स्मरणिकेसाठी आम्ही विद्यालयाच्या जडणघडणीचा इतिहास लिहावा, अशी संपादक मंडळाची अपेक्षा होती. इतिहासाच्या शिक्षकाकडून तशी अपेक्षा करणे स्वाभाविकच होय. परंतु गेल्या वर्षी घडलेल्या एका प्रकाराने आम्हांस इतके अस्वस्थ केले की, मंडळाच्या अनुमतीने आम्ही विषय बदलून घेतला.

आपल्या विद्यालयातून निवृत्त झालेल्या एका ज्येष्ठ शिक्षकांच्या नावे कोणीतरी एका समाजमाध्यमावर खाते उघडले. छायाचित्र सरांचेच होते. निरोप समारंभात काढलेले, खांद्यावर शाल असलेले. त्या खात्यावरून अनेक माजी विद्यार्थ्यांना संदेश गेला : "जयभीम. कसा आहेस बाळा? वसतिगृहातील एका मुलीचे परीक्षा शुल्क भरायचे राहिले आहे. तूर्त दोन हजार रुपये पाठव, पुढच्या आठवड्यात परत करतो." सरांनी उभ्या आयुष्यात कोणाकडे हात पसरलेला नव्हता. त्यामुळे ज्यांना संदेश मिळाला, त्यांपैकी अकरा जणांनी प्रश्नही न विचारता पैसे पाठविले. बाराव्याने "सर, पैसे मिळाले का?" असे विचारण्यासाठी प्रत्यक्ष दूरध्वनी केला, तेव्हा सारा प्रकार उघडकीस आला. सर आम्हांला एवढेच म्हणाले, "पैसे कोणी परत मागितले नाहीत. पण मी मागितले असे त्यांना क्षणभर तरी वाटलेच ना?"

खरे व खोटे अशी दोन्ही खाती आम्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिली. नाव तेच, छायाचित्र तेच, विद्यालयाचा उल्लेखही तोच. फरक होता तो केवळ एका ओळीत, आणि ती ओळ आपल्यापैकी कोणीच वाचत नाही. त्या ओळीस युजरनेम म्हणतात. ते काय असते, ते कसे मिळते, ते कोणाच्या मालकीचे असते आणि आपण ते काळजीपूर्वक का नोंदवून ठेवावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करीत आहोत.

दर्शनी नाव आणि युजरनेम

विद्यालयातील उदाहरणाने हा भेद चटकन लक्षात येईल. १९५६ नंतर आपल्या समाजात नावे ठेवण्याची रीत पालटली. सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, सुजाता, प्रज्ञा, संघमित्रा ही नावे घरोघरी आली. त्याचा एक गोड परिणाम आम्ही तीस वर्षे अनुभवीत आहोत : एकाच वर्गात चार सिद्धार्थ बसलेले असतात. हाक मारली की चौघेही उभे राहतात. मग कोणी नांदेडचा सिद्धार्थ होतो, कोणी उंच सिद्धार्थ. कार्यालयातील जनरल रजिस्टरमध्ये मात्र हा घोळ होत नाही. तेथे प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक असतो, आणि शाळा सोडल्याचा दाखला त्याच क्रमांकाच्या आधारे दिला जातो.

समाजमाध्यमावरील खात्यालाही अशी दोन अंगे असतात. ठळक अक्षरांत दिसते ते दर्शनी नाव. ते चार काय, चार हजार जणांचे एकच असू शकते. ते लिहिताना "हे नाव खरोखर तुमचेच का?" अशी पडताळणी बहुधा होत नाही. त्याखाली लहान अक्षरांत, अनेकदा ॲट चिन्हासह दिसते ते युजरनेम. यालाच हँडल असेही म्हणतात. एका समाजमाध्यमावर एक युजरनेम एका वेळी एकाच खात्याला मिळते. दुसऱ्याला ते हवे असेल, तर एखादे अक्षर, अंक अथवा चिन्ह बदलावे लागते. खात्याचा पत्ताही त्यावरूनच तयार होतो.

यावरून एक व्यावहारिक नियम निघतो. दर्शनी नाव व छायाचित्र यांची नक्कल कोणालाही करता येते. युजरनेमची तंतोतंत नक्कल करता येत नाही. म्हणून खाते खरे की खोटे हे पाहताना नजर प्रथम युजरनेमकडे गेली पाहिजे. आमच्या सरांच्या बाबतीत अडचण अशी होती की, त्यांनी स्वतःचे युजरनेम कधी निवडलेच नव्हते. तोतयाने मात्र त्यांच्या पूर्ण नावाचे व्यवस्थित युजरनेम घेतले होते. परिणामी खरे खाते परके वाटे, आणि खोटे खाते सरांचे वाटे.

१३ जून २००९ ची सकाळ

या व्यवस्थेचा इतिहास थोडक्यात पाहणे उद्बोधक ठरेल. फेसबुक २००४ मध्ये सुरू झाले, तेव्हा व्यक्तीच्या खात्याच्या पत्त्यात नाव नव्हते, क्रमांक होता. संस्थापक मार्क झुकरबर्ग यांच्या खात्याचा क्रमांक ४ आहे. पुढे सदस्यसंख्या वाढत गेली, तसतसे हे क्रमांक लांबलचक झाले. स्वतःच्या खात्याचा पत्ता कोणाला तोंडी सांगणे अशक्यप्राय झाले. २००९ च्या एप्रिलपर्यंत फेसबुकची सदस्यसंख्या वीस कोटींवर पोचली होती.

९ जून २००९ रोजी कंपनीने जाहीर केले की, शनिवार १३ जूनला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील वेळेनुसार मध्यरात्री बारा वाजून एक मिनिटाने प्रत्येकाला आपल्या पत्त्यासाठी नाव निवडता येईल. तत्त्व एकच : जो आधी येईल त्याला आधी मिळेल. नाव किमान पाच अक्षरांचे हवे; त्यात रोमन अक्षरे, अंक आणि पूर्णविराम एवढेच चालतील; आणि एकदा घेतलेले नाव बदलता येणार नाही, असे तेव्हाचे नियम होते. नावांची साठेबाजी होऊ नये म्हणून घोषणेनंतर खाते उघडणाऱ्यांना लगेच नाव घेण्यास मज्जाव करण्यात आला. नोंदणीकृत व्यापारचिन्हांच्या मालकांना मात्र आपली नावे राखून ठेवण्यासाठी आगाऊ अर्ज करण्याची सोय होती.

पहिल्या पंधरा मिनिटांत सुमारे पाच लाख नावे घेतली गेली. त्या वेळी भारतात सकाळचे साडेनऊ वाजले होते. पण आपल्याकडे ज्यांना समाजमाध्यम ठाऊक होते, त्यांतील बहुतेक जण तेव्हा ऑर्कुटवर होते. आपल्या पालकवर्गापैकी बहुतेकांच्या घरी संगणकच नव्हता. शाळा उघडण्याच्या तयारीचे ते दिवस. आम्ही स्वतः त्या सकाळी प्रवेश अर्जांच्या गठ्ठ्यात बुडालेले होतो. जगात कोठेतरी नावांचे वाटप चालू आहे, याची आम्हांस वार्ताही नव्हती.

रांगेत उशिरा पोचलेले

"आधी येईल त्याला आधी" हा नियम वरवर पाहता समतेचा वाटतो. तेथे कोणाची ओळख विचारली जात नाही, शिफारस लागत नाही, शुल्कही लागत नाही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला एक प्रश्न विचारावाच लागतो : रांग लागली आहे, हे कोणाला आधी कळले? ज्यांच्याकडे यंत्र होते, जोडणी होती, इंग्रजी येत होती आणि वार्ता पोचत होती, ते पुढे उभे राहिले. आपल्या वाड्या-वस्त्यांवरील मुलांच्या हाती इंटरनेट खऱ्या अर्थाने आले ते २०१६ च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू होऊन डेटा स्वस्त झाल्यानंतर. तोवर साधी, सुटसुटीत, अंक नसलेली नावे बहुतांशी संपली होती. नुसते "सिद्धार्थ" वा नुसते "सुजाता" आज कोणत्याही मोठ्या समाजमाध्यमावर मोकळे मिळण्याची आशा धरू नये.

दुसरी अडचण लिपीची. फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स या माध्यमांवर दर्शनी नाव देवनागरीत लिहिता येते, पण युजरनेम रोमन अक्षरांतच घ्यावे लागते. संकेतस्थळांच्या बाबतीत २०१४ पासून देवनागरीतील ".भारत" हे प्रत्ययनाम उपलब्ध झाले, या समाजमाध्यमांच्या युजरनेमला मात्र तशी मुभा मिळालेली नाही. परिणामी आपल्या नावांची रोमन रूपे अनेक होतात. "प्रज्ञा" हेच नाव घ्या. मराठी माणूस 'ज्ञ' साठी डी-एन-वाय लिहितो, हिंदी भाषक जी-वाय लिहितो, संस्कृतज्ञ जे-एन लिहितो. "सिद्धार्थ" लिहिताना कोणी दोन डी घालतो, कोणी एक. "लक्ष्मण" मध्ये कोणी एक्स घालतो, कोणी के-एस-एच. ही लवचिकता नाव मिळविताना उपयोगी पडते, कारण एक रूप गेले तरी दुसरे मोकळे असू शकते. परंतु नेमकी हीच लवचिकता तोतयाच्याही उपयोगी पडते.

नाव कोणते घ्यावे?

नोंदीच्या वेळी लिहिलेले नाव माणसाबरोबर किती दूरवर जाते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगावयास नको. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शासकीय शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, एका मुलाचा प्रवेश झाला. रजिस्टरमध्ये १९१४ क्रमांकासमोर नाव लिहिले गेले : भिवा रामजी आंबेडकर. पुढे भिवाचा भीमराव झाला, पण त्या नोंदीतील आडनाव कोलंबिया विद्यापीठापासून संविधान सभेपर्यंत सर्वत्र गेले. हा दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. ती नोंद आणि समाजमाध्यमावरील नोंद यांची बरोबरी करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. नोंद करताना घाई वा थट्टा करू नये, एवढेच आम्हांस सुचवावयाचे आहे.

थट्टेची उदाहरणे आमच्यापाशी पुष्कळ आहेत. आमच्या एका विद्यार्थ्याने अकरावीत असताना चित्रपटातील खलनायकाच्या नावापुढे "किंग" जोडून युजरनेम घेतले. पुढे तो अभियंता झाला. नोकरीच्या मुलाखतीपूर्वी त्याच्याकडे समाजमाध्यमावरील खात्याचा पत्ता मागण्यात आला, तेव्हा तो द्यावा की न द्यावा या विवंचनेत त्याने रात्री अकरा वाजता आम्हांस दूरध्वनी केला. नाव बदलता येते, असे आम्ही त्यास सांगितले. तसे ते आज बहुतेक ठिकाणी बदलता येतेही. पण बदलल्यानंतर जुना पत्ता निरुपयोगी होतो आणि जुने नाव मोकळे होऊन दुसऱ्या कोणाच्या हाती पडण्याची शक्यता राहते. म्हणून प्रारंभीच विचारपूर्वक निवड करणे श्रेयस्कर.

आमच्या अनुभवावरून काही सूचना मांडतो.

पहिली सूचना : दहावीच्या गुणपत्रिकेवर इंग्रजीत जसे नाव आहे, त्याच वर्णलेखनास प्राधान्य द्यावे. पुढे नोकरी, पारपत्र, शोधनिबंध सर्वत्र तेच रूप जाते. वेगवेगळ्या माध्यमांवर शक्यतो एकच युजरनेम असावे, म्हणजे शोधणाऱ्याची खात्री पटते. एक्सवर युजरनेमला पंधरा अक्षरांची मर्यादा आहे, इन्स्टाग्रामवर तीसची. म्हणून पंधरांत बसणारे नाव आधी शोधावे.

दुसरी सूचना : हवे ते नाव गेले असेल, तर वडिलांच्या वा आईच्या नावाचे आद्याक्षर, गावाचे नाव अथवा व्यवसायाचा निर्देश जोडावा. जन्मवर्ष वा जन्मतारीख जोडू नये. अनेक ठिकाणी ओळख पटविण्यासाठी जन्मतारीखच विचारली जाते. ती आपण होऊन चव्हाट्यावर मांडण्याचे कारण नाही. नोकरीच्या संस्थेचे नावही जोडू नये. नोकरी बदलते, नाव राहून जाते.

तिसरी सूचना : निवडलेले नाव दूरध्वनीवरून कोणाला तरी सांगून पाहावे. ऐकणाऱ्याने ते पहिल्याच प्रयत्नात बिनचूक लिहिले, तर नाव चांगले. सलग तीन खालच्या रेघा किंवा मध्येच आलेले शून्य असले, की ऐकणारा चुकणारच. फेसबुक युजरनेममधील पूर्णविराम व मोठी-लहान अक्षरे यांत भेद करीत नाही. इन्स्टाग्रामवर मात्र एका पूर्णविरामाने निराळे खाते तयार होते. तोतये याचाच लाभ घेतात. अनेक अक्षरवळणांत रोमन मोठा 'आय', लहान 'एल' आणि एकचा अंक सारखेच दिसतात, हेही लक्षात ठेवावे.

चौथी गोष्ट सूचना म्हणून सांगण्याची नाही, पण ती टाळूनही चालणार नाही. आडनाव लावावे की नाही, असे आमचे माजी विद्यार्थी, विशेषतः मोठ्या शहरांत गेलेले, आम्हांस विचारतात. आडनावावरून जात ताडली जाते, भाड्याची खोली मिळता मिळता राहते, कार्यालयात बोलण्याचा सूर बदलतो, हे त्यांनी अनुभवलेले असते. कोणी आडनाव गाळून वडिलांचे नाव लावतो. कोणी मुद्दाम ठसठशीत आडनाव लावतो. दोन्ही निर्णयांचा आम्ही आदर करतो. निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. मात्र आडनाव गाळले म्हणून कोणी स्वतःला भित्रा समजू नये आणि लावले म्हणून कोणी इतरांना तसे म्हणू नये, एवढीच आमची विनंती आहे.

हे नाव कोणाच्या मालकीचे?

युजरनेम घेतले म्हणजे ते आपल्या मालकीचे झाले, असा अनेकांचा समज असतो. तो खरा नाही. ते कंपनीने आपल्या नोंदवहीत आपल्यासाठी राखलेले स्थान आहे. कंपनीच्या अटींनुसार ते काढूनही घेता येते. जुलै २०२३ मध्ये ट्विटरचे नाव "एक्स" झाले. त्या माध्यमावर "एक्स" हे एकाक्षरी युजरनेम कित्येक वर्षांपासून सॅन फ्रान्सिस्को येथील एका छायाचित्रकाराकडे होते. कंपनीने ते स्वतःकडे घेतले. त्या गृहस्थांना मोबदल्यादाखल पैसे मिळाले नाहीत.

कंपनीखेरीज चोरांचाही डोळा अशा नावांवर असतो. ऑगस्ट २०१२ मध्ये अमेरिकेतील पत्रकार मॅट होनन यांच्यावर ओढवलेला प्रसंग त्यांनी स्वतः सविस्तर लिहिला आहे. ट्विटरवरील त्यांचे युजरनेम केवळ तीन अक्षरांचे होते. ते बळकावण्यासाठी चोरट्यांनी कंपन्यांच्या ग्राहकसेवेला दूरध्वनी करून, थोडीथोडकी माहिती सांगून, त्यांच्या एका खात्यातून दुसऱ्यात प्रवेश मिळविला. नाव टिकवून धरता यावे म्हणून त्यांच्या फोनमधील आणि संगणकातील सर्व माहिती पुसून टाकली. त्यांच्या मुलीच्या जन्मापासूनची छायाचित्रे त्यात होती. चोरट्यांचे त्यांच्याशी काहीही वैर नव्हते. त्यांना ती तीन अक्षरे हवी होती.

आपल्या नावांवर असा डोळा कोणी ठेवील असे नाही. पण या प्रसंगातून शिकण्यासारखी गोष्ट अशी की, युजरनेम, ईमेल आणि मोबाइल क्रमांक ही एकमेकांत ओवलेली साखळी आहे. एक कडी तुटली की सारी सुटते. म्हणून प्रत्येक खात्याचा पासवर्ड निराळा असावा आणि सेटिंग्जमध्ये द्विस्तरीय पडताळणी चालू करावी. आपल्या विद्यार्थ्यांसाठी विशेष महत्त्वाची बाब मोबाइल क्रमांकाची. वसतिगृहातील मुले सवलत दिसली की सिमकार्ड बदलतात. बंद पडलेला क्रमांक किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. खाते त्या जुन्या क्रमांकाशी जोडलेले राहिले, तर पासवर्ड बदलण्याचा संदेश त्या अनोळखी माणसाच्या हाती जातो. म्हणून सिमकार्ड बदलण्यापूर्वी खात्यातील क्रमांक बदलावा. हा क्रम चुकवू नये.

मुलींसाठी आणि पालकांसाठी

युजरनेमचा एक लाभ फारसा बोलला जात नाही. संपर्कासाठी मोबाइल क्रमांक द्यावा लागला, की तो गटागटांतून फिरतो आणि मुलींना त्याचा उपद्रव होतो. टेलिग्रामवर क्रमांक न देता युजरनेमवरून संपर्क साधता येतो. सिग्नल या संदेशसेवेनेही फेब्रुवारी २०२४ मध्ये अशी सोय केली. अभ्यासगटासाठी, स्पर्धा परीक्षेच्या चर्चेसाठी आमच्या माजी विद्यार्थिनींनी हा मार्ग अवलंबावा, असे आम्ही आग्रहाने सुचवितो. युजरनेम नकोसे झाले तर बदलता येते. मोबाइल क्रमांक बदलणे म्हणजे बँकेपासून शिष्यवृत्तीपर्यंत सर्वत्र खेटे घालणे होय.

पालकांना एक सांगणे आहे. बहुतेक मोठ्या समाजमाध्यमांच्या अटींनुसार खाते उघडण्यास किमान तेरा वर्षांचे वय लागते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद केली आहे. नाव मिळावे म्हणून लहान मुलाचे खोटे जन्मवर्ष घालून खाते उघडण्याचा मोह होतो. तो आवरावा. मुलाचे नाव मोठेपणी त्याचे त्यालाच नोंदवू द्यावे.

तोतया आढळल्यास

आपल्या वा आपल्या शिक्षकांच्या नावे खोटे खाते दिसले, तर प्रथम त्याचे युजरनेम, पत्ता आणि आलेले संदेश यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. खाते बंद झाल्यावर पुरावा मिळत नाही. मग त्याच माध्यमावर "रिपोर्ट" या पर्यायातून तोतयेगिरीची तक्रार करावी. तोतया कोणाच्या नावे वावरतो आहे, हे सांगण्यासाठी तेथे खऱ्या खात्याचा निर्देश करावा लागतो, आणि येथेच स्वतःचे युजरनेम नोंदलेले असणे उपयोगी पडते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६-ड अन्वये संगणक साधनाद्वारे तोतयेगिरी करून फसवणूक करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पैसे गेले असतील, तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे. जितका विलंब, तितकी रक्कम थांबविण्याची शक्यता कमी.

आमच्या सरांच्या प्रकरणात खोटे खाते अखेर बंद झाले. अकरा जणांचे पैसे मात्र परत आले नाहीत. त्या अकरांपैकी एक मुलगा तेव्हा स्वतः नोकरीच्या शोधात होता. त्याने मित्राकडून उसने घेऊन पाठविले होते. हे सरांना आम्ही अद्याप सांगितलेले नाही.

एक प्रस्ताव

या लेखाच्या शेवटी विद्यालयाच्या व्यवस्थापनापुढे आणि माजी विद्यार्थी मंडळापुढे आम्ही एक साधा प्रस्ताव ठेवीत आहोत. कार्यालयात माजी विद्यार्थ्यांची जी नोंदवही आहे, तीत नाव, गाव, वर्ष आणि मोबाइल क्रमांक असे रकाने आहेत. त्यांत युजरनेमचा आणखी एक रकाना वाढवावा. ज्याने त्याने आपले युजरनेम स्वतःच्या हाताने, रोमन अक्षरांत, सुटे सुटे लिहावे. निवृत्त शिक्षकांची युजरनेम कार्यालयाबाहेरील फलकावर, अर्थात त्यांची संमती घेऊन, लावावीत. विद्यालयाच्या नावे कोणते खाते अधिकृत आहे, हेही तेथेच लिहावे. आणि विद्यालयाचे कोणीही, कोणत्याही कारणासाठी, समाजमाध्यमावरून पैसे मागणार नाही, हे वाक्य त्याखाली ठळक अक्षरांत असावे.

आम्ही नुकतेच सरांच्या घरी जाऊन त्यांचे युजरनेम नोंदविले. त्यांचे नाव व आडनाव एवढे आधीच गेलेले होते. एका रूपात तोतयाने घेतले होते, दुसऱ्या रूपात कोणा अनोळखी माणसाने. आम्ही आद्याक्षरे सुचविली, गाव सुचविले. सर थोडा वेळ विचार करून म्हणाले, "आईचे नाव जोडून बघ." ते मोकळे होते. त्यांनी चष्मा लावला, एक एक अक्षर तपासले, आणि मग स्वतःच्या बोटाने नोंद केली.

स्मरणिका प्रकाशनाच्या दिवशी नोंदवही प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर ठेवलेली असेल. पहिली नोंद सरांची आहे. तिच्याखाली आपली करावी.